खूण जागेवर आहे

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात एका संध्याकाळी माझे वडील फिरायला म्हणून बाहेर पडले आणि वेळेवर परत आले नाहीत. नानांचे वय तेव्हा ८१ होते. सावेडीतील आमच्या घरापासून कोपऱ्यावरच्या मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन यायचे, हा त्यांचा अनेक वर्षांचा नेम. साडेसहा वाजले, सात वाजले. पत्नीचा फोन आला तेव्हा मी दवाखान्यात होतो. समोरच्या रुग्णाच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवलेला होता, पण मला त्यातून काहीच ऐकू येईना. पावणेनऊच्या सुमारास नाना सापडले ते दिल्ली दरवाजाजवळ, एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलेले. "कचेरीत निघालो होतो," एवढेच ते म्हणाले. त्या कचेरीतून निवृत्त होऊन त्यांना तेवीस वर्षे झाली होती.

दुसऱ्या दिवशी मी फाटकाला कुलूप आणले.

गेली तीस वर्षे मी नगरमध्ये, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, जनरल प्रॅक्टिस करतो. दिवसातून किमान दहा रुग्णांना "चालत राहा" असे सांगतो. माझ्या स्वतःच्या घरात मात्र एका चालत्या माणसाला मी खुर्चीत बसवले, आणि त्याला काळजी असे नाव दिले.

तपासण्या रीतसर केल्या. वयस्कर माणूस अचानक किंवा हळूहळू गोंधळू लागला की ते 'वयामुळेच' असे धरून चालू नये. जीवनसत्त्व बी-१२, थायरॉइड, रक्तातील सोडियम आणि साखर, लघवीतील जंतुसंसर्ग, चालू असलेली औषधे, ऐकू येणे आणि मनाचे औदासीन्य हे सारे आधी पाहावे लागते, कारण यांतील बरेच काही दुरुस्त होऊ शकते. नानांचे बी-१२ कमी निघाले. ते भरून काढल्यावर थोडा फरक पडला, पूर्ण पडला नाही. मेंदूविकारतज्ज्ञांनी स्मृतिभ्रंशाची सुरुवात असल्याचे सांगितले. निदान ऐकताना नाना शांत होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "म्हणजे आता कुलूप कायमचे का?"

पुढचे तीन महिने ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसून राहिले. त्यांच्या मांड्या वाळत चालल्याचे मला दिसत होते. हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठता येणे ही वृद्धांच्या पायांतील ताकदीची साधी खूण आहे. श्रावणात नाना सहज उठत. दिवाळीला त्यांना दोन्ही हात टेकावे लागत होते.

त्याच दिवाळीत माझा पुतण्या अमेरिकेहून आला. तो सिएटलला असतो. सामानात त्याने आपले जुने हातात धरायचे जीपीएस यंत्र आणले होते, गार्मिन कंपनीचे इट्रेक्स. मुठीत मावेल एवढे, दोन पेन्सिल सेलवर चालणारे. "काका, हे तुमच्यासाठी. तुम्हाला डोंगर आवडतात आणि हल्ली तुम्ही कुठेच जात नाही," तो म्हणाला. त्याच्याकडूनच मला 'जिओकॅशिंग' हा शब्द प्रथम कळला.

हा खेळ थोडक्यात असा. कोणी तरी एक डबी कुठे तरी ठेवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश संकेतस्थळावर नोंदवतो. ते आकडे यंत्रात घालून इतरांनी ती डबी शोधायची, आतल्या वहीत तारीख व नाव लिहायचे आणि डबी होती तशी परत ठेवायची. आतली एखादी वस्तू घेतली तर तेवढ्याच किंवा अधिक मोलाची वस्तू ठेवायची. जन्मकथाही गमतीची आहे. अमेरिकी सरकार सर्वसामान्यांना मिळणाऱ्या जीपीएस संकेतात मुद्दाम चूक मिसळत असे, त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत चुकायची. मे २००० च्या आरंभी ही चूक काढून टाकण्यात आली. लगेच ३ मे रोजी डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थाने ऑरेगन राज्यातील बीव्हरक्रीकजवळ एक बादली ठेवून तिचे आकडे जाहीर केले, आणि तीन दिवसांच्या आत ती सापडलीही. आज जगभरात अशा तीस लाखांहून अधिक डब्या आहेत. आपल्याकडे हा खेळ अजून तुरळकच. खेळाचे मुख्य कार्यालय पुतण्याच्याच गावात, सिएटलला आहे.

मला त्यातली एक गोष्ट विशेष भावली. प्रत्येक डबीला वाटेच्या अवघडपणानुसार एक ते पाच असा क्रम दिलेला असतो. त्यातला 'एक' म्हणजे चाकाच्या खुर्चीवरूनही पोहोचता येईल अशी जागा. खुर्चीतल्या माणसाचाही विचार करणारा खेळ मी प्रथमच पाहत होतो. तरीही, खरे सांगतो, तेव्हा मला नाना आठवले नाहीत. मला फक्त नवे खेळणे दिसत होते.

शिकवणी सुरू झाली. मी एक कळ दाबली, पडदा बदलला, दुसरी दाबली, पहिला पडदा कुठे गेला ते कळेना. पुतण्या म्हणाला, "थांबा काका, मी करून देतो." यंत्र माझ्या हातातून त्याच्या हातात गेले. वीस सेकंदांत काम झाले आणि यंत्र परत आले. त्याने काय केले ते मला दिसलेच नाही. असे दहा वेळा घडले. तो प्रेमाने करत होता, आणि प्रत्येक वेळी मी थोडा अधिक मठ्ठ होत होतो. अकराव्या वेळी मी चिडून म्हणालो, "राहू दे, मला नाही जमणार." वाक्य तोंडातून निघाले आणि मी चपापलो. हे वाक्य मी घरात रोज ऐकत होतो. नाना सदऱ्याची बटणे लावताना अडखळले की मी म्हणे, "थांबा नाना, लावून देतो." चहात साखर घालताना हात थरथरला की "द्या इकडे." बँकेच्या स्लिपवर सही करायला वेळ लागला की "तुम्ही बसा, मी बघतो." आणि ते म्हणत, "राहू दे मग."

पुतण्या परत गेला. यंत्र कपाटात जाणार होते, पण दवाखान्यात नोंदणीचे काम पाहणाऱ्या मुलीने ते वाचवले. ती बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. दुपारच्या रिकाम्या वेळी मी तिला संगणकावरची माझी अडचण सांगितली. यंत्र तारेने संगणकाला जोडायचे, ठिकाणांची फाइल त्यात उतरवायची, आणि फिरून आल्यावर आपल्या वाटेची नोंद यंत्रातून संगणकावर घ्यायची, एवढेच काम. पण माझ्या फाइली कुठे जाऊन बसत ते देवाला ठाऊक. ती माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली आणि तिने दोन्ही हात पाठीमागे बांधले. "सर, डाव्या कोपऱ्यात काय लिहिले आहे ते वाचा. आता तुम्हाला काय वाटते, कुठे दाबावे?" मी चुकलो. ती गप्प राहिली. मी पुन्हा वाचले, चूक माझी मलाच दिसली. पाऊण तास गेला. पुतण्याने ते मिनिटात केले असते. पण त्या पाऊण तासानंतर ते काम माझे झाले, ते आजतागायत माझेच आहे. मी एका वहीत पायऱ्या माझ्या शब्दांत लिहून ठेवल्या. विचारले तर म्हणाली, "आजीला मोबाइल असाच शिकवला. हात पुढे असले की राहवत नाही, म्हणून मागे धरायचे."

त्यानंतर एका रविवारी सकाळी मी अंगणात पहिला प्रयोग करत होतो. पुतण्याने सरावासाठी आमच्याच फाटकाचे आकडे कळवले होते: अक्षांश १९.१२५०, रेखांश ७४.७३००. यंत्रात मात्र अंशांनंतर मिनिटांची चौकट होती. मी १९ अंश आणि पुढे १२.५० लिहिले, ते यंत्राने मुकाट्याने घेतले. रेखांशाला ७४ अंश आणि ७३ लिहू लागलो, ते काही केल्या घेईना. शेवटी मी त्याला चकवून ०७.३० लिहिले. बाण फिरला. यंत्राच्या मते आमचे फाटक पश्चिमेला साठ किलोमीटरहून अधिक दूर, आळेफाट्याच्या बाजूला होते. प्रत्यक्षात ते माझ्यापासून पाच पावलांवर होते, आणि त्याला कुलूप होते.

"बिघडलेले दिसते," मी पुटपुटलो.

खिडकीतून आवाज आला. "काय मोजतो आहेस?"

नानांनी पाच-सहा दिवसांत उच्चारलेले ते पहिले पूर्ण वाक्य असावे. मी यंत्र आणि कागद घेऊन त्यांच्याजवळ गेलो. नाना भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते. जिल्ह्यातील कितीएक गावांच्या बांधांवर त्यांनी साखळी ओढलेली. त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला. "अंशात मिनिटे किती? साठ. मग तुझे हे ७३ आले कुठून? हा तर दशांश आहे. पेन्सिल दे." आणि त्यांनी गुणाकार मांडला: शून्य दशांश ७३ गुणिले ६०, म्हणजे ४३.८ मिनिटे; शून्य दशांश १२५ गुणिले ६०, म्हणजे ७.५ मिनिटे. "आधी एकक विचारावे, मग आकडा लिहावा. आमची साखळी तेहतीस फुटांची, तिचेही सोळा आणे आणि रुपयाचेही सोळा आणे. नाव एकच. म्हणून काय साखळीने बाजार करायचा?"

सकाळी चहा घेतला की नाही हे त्यांना आठवत नव्हते. पण साखळी लांब, साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, हे त्यांच्या बोटांत होते.

डॉक्टर म्हणून मला याचे कारण ठाऊक होते. मुलगा म्हणून ते मी लक्षात घेतले नव्हते. अल्झायमरसारख्या आजारात ताज्या आठवणी नोंदवणारा मेंदूचा भाग लवकर दुबळा होतो. दिशा आणि जागा यांचे भान राखणाऱ्या पेशीही त्याच परिसरात असतात. त्या शोधून काढणारे जॉन ओकीफ आणि मे-ब्रिट व एडवर्ड मोझर यांना २०१४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणून वाट चुकणे हे अनेकदा या आजाराचे सुरुवातीचे लक्षण ठरते. याउलट, वर्षानुवर्षे हातांनी केलेल्या कामाचे कसब पुष्कळ उशिरापर्यंत टिकते. मी नानांचे हरवलेले तेवढे मोजत होतो. शिल्लक काय आहे त्याची मोजणी केलीच नव्हती.

एककाचा धडा मी दवाखान्यातही नेला. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या बहुधा ४० युनिटच्या, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट अशा असतात. त्यांची सिरिंज लाल टोपीची. १०० युनिटसाठीची सिरिंज वेगळी, नारिंगी टोपीची. बाटली एक आणि सिरिंज दुसरी झाली तर आकडा बरोबर असूनही मात्रा चुकते. घरी इन्सुलिन देणाऱ्या प्रत्येकाने बाटलीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा जुळतो का, हे दर वेळी पाहावे. नानांच्या भाषेत, आधी एकक विचारावे.

त्या दिवसापासून यंत्र नानांचे झाले. मी फक्त हात पाठीमागे बांधून उभा राहू लागलो. हे लिहायला सोपे आहे. ८१ वर्षांचा माणूस एक कळ शोधायला दोन मिनिटे घेतो तेव्हा माझी बोटे खरोखर शिवशिवत. पहिल्या आठवड्यात मी दोनदा यंत्र ओढून घेतलेच. दुसऱ्यांदा त्यांनी ते सोडले नाही. आम्ही दोघे क्षणभर ते यंत्र धरून उभे होतो, आणि मग मी हात काढला.

फाटकाचे कुलूप एकदम निघाले नाही. आधी मी बरोबर असताना, मग माझ्या पत्नीबरोबर, अशा क्रमाने आम्ही बाहेर पडू लागलो. येथे एक कबुली दिली पाहिजे. नानांचे स्नान, जेवण, औषधे, रात्रीचे उठणे हे सारे तिने सांभाळले आहे. मी रविवारचा सोबती. त्यामुळे सोबत्याचे सुख माझ्या वाट्याला आले आणि श्रम तिच्या. हे ध्यानात आल्यावर रविवारचा संपूर्ण दिवस आम्ही तिला मोकळा करून दिला. काळजी घेणाऱ्यालाही सुट्टी लागते, हे मी इतरांना सांगतो. घरी ते उशिरा सुचले.

डबी कुठे ठेवायची, हा प्रश्न नीट विचार करून सोडवावा लागतो. आमचे नगर लष्कराचे गाव. रणगाडा संग्रहालय येथे आहे, चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्रही आहे. अशा परिसरात, स्थानकावर, देवळात किंवा गर्दीत बेवारस डबी ठेवणे म्हणजे लोकांना भीती घालणे. जागामालकाची परवानगी हा या खेळाचाच नियम आहे. म्हणून आम्ही डोंगरगणच्या वाटेवर असलेले चुलतभावाचे शेत निवडले. जेवणाच्या जुन्या स्टीलच्या डब्यात एक वही, एक पेन्सिल आणि नातवंडांसाठी गोट्या ठेवल्या. जागा नानांनी निवडली आणि मला सांगितली नाही.

उलट कोडे मात्र घातले. नगर-पाथर्डी रस्त्यावर, शहरापासून सुमारे १३ किलोमीटरवर डोंगरमाथ्यावर ज्याला आपण चांदबिबीचा महाल म्हणतो, ती वास्तविक निजामशाहीचा मंत्री सलाबतखान याची कबर आहे. नानांनी मला रेखांशाचा शेवटचा अंक दिलाच नाही. "महालाला बाजू किती ते मोजून ये," म्हणाले. पुढच्या रविवारी दोघे वर गेलो, गाडी जाते तिथपर्यंत गाडीने. संरक्षित वास्तू, तेव्हा तिथे काही ठेवायचे नाही, फक्त पाहायचे. नाना सावलीत बसले, मी फेरी मारली. इमारत अष्टकोनी आहे. आठ. साऱ्या आयुष्यात मी तिथे वीसदा तरी गेलो असेन, पण बाजू कधी मोजल्या नव्हत्या.

शेतात पोहोचलो. या यंत्राचा बाण आपण चालत असतानाच खरी दिशा दाखवतो. थांबलात की तो गोंधळतो. नाना पुढे, काठी टेकत, मी मागे. शेवटच्या चार-पाच मीटरमध्ये यंत्राचा उपयोग संपतो, कारण तेवढी चूक त्याच्या कामातच धरलेली असते. त्यासाठी डोळे लागतात. मी बाभळीखाली वाकून दगडांच्या फटीत हात घालणार, तोच नाना ओरडले, "हात घालू नकोस! काठी घाल आधी." आमच्या भागात दगडांखाली फुरसे निघते. मी आजवर शेतात सर्पदंश झालेले किती रुग्ण पाहिले, आणि शेतातला साधा शहाणपणा मला नानांनी सांगावा! (कोणाला दंश झालाच तर कापू नये, आवळून बांधू नये, माणसाला न चालवता, शक्य तितके स्थिर ठेवून थेट रुग्णालयात न्यावे.) डबा बांधावरच्या हद्दीच्या दगडामागे होता. तो दगड नानांना लांबूनच दिसला होता. माझी फजिती ते मजेत पाहत होते.

वहीत पहिली नोंद त्यांनी केली. तारीख, वेळ, सही, आणि मोजणीच्या जुन्या कागदांत लिहीत तसे एक वाक्य: "खूण जागेवर आहे."

अशा कितीतरी फेऱ्या पुढच्या वर्षभरात झाल्या. त्यांतून हाती काय आले, ते मोजून सांगतो. यंत्राने स्मृतिभ्रंश बरा केला नाही. कोणतेही यंत्र, कोडे वा खेळ तो बरा करत नाही, आणि तसा दावा करणाऱ्यापासून आपण दूर राहावे. पण सहा महिन्यांत नाना पुन्हा हात न टेकता खुर्चीतून उठू लागले. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आणि वृद्धांनाही आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचवते, आणि वृद्धांसाठी तोल सांभाळण्याचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस. तेवढे चालणे नुसत्या उपदेशाने घडले नसते; नानांना कुठे तरी पोहोचायचे होते म्हणून ते घडले. ते रात्री बरे झोपू लागले. शनिवारी संध्याकाळी सेल बदलण्याचे काम ते विसरले तरी त्याची वही विसरत नसत. वही उघडली की काम आठवे.

हे वाचून कोणी यंत्र घेण्याचा विचार करील, म्हणून दोन-तीन गोष्टी स्पष्ट करतो. असे हातातले जीपीएस यंत्र फक्त उपग्रहांचे संकेत ऐकते. किमान चार उपग्रहांचे संकेत मिळाले की आपण कुठे आहोत हे आपल्याला सांगते. घरच्यांना ते काहीच कळवत नाही. वडील कुठे आहेत हे मुलांना कळायला हवे असेल तर सिमकार्ड असलेला मोबाइल किंवा तशी वेगळी वस्तू लागते. घरात, अरुंद गल्लीत किंवा दाट झाडीत संकेत क्षीण होतात. साध्या मोबाइलवरही हा खेळ खेळता येतो, खर्च करायलाच हवा असे नाही. आणि सर्वांत भरवशाचे साधन अजूनही खिशातली चिठ्ठीच आहे: नाव, घरच्यांचा फोन क्रमांक, आजार आणि औषधे. मधुमेह असेल तर खिशात साखर किंवा गोळ्या-बिस्किटे, बरोबर पाणी, पायांत घट्ट बूट, आणि ऊन चढण्याआधी घरी.

मोबाइलवरून त्यांचे ठिकाण आम्हाला दिसावे, अशी सोय करण्यापूर्वी मी नानांना विचारले. ते म्हणाले, "ठेव. पण मला सांगून ठेव. चोरून माणूस मोजायचा नसतो." आजाराच्या सुरुवातीला, समज शाबूत असताना, हे विचारून घेणे शक्य असते. पुढे ती वेळ निघून जाते.

आमचीही ती वेळ हळूहळू सरत आहे. या हिवाळ्यात नाना आकडे वाचताना मध्येच थांबू लागले. गेल्या महिन्यात शेतावर त्यांनी यंत्र उलटे धरले होते. मी पाहत होतो. हात पाठीमागे होते, आणि ते तसेच ठेवणे त्या दिवशी फार जड गेले. नानांनी यंत्र दोनदा फिरवले, पडद्यावर बोट फिरवले, आणि मग आपणहून माझ्यापुढे केले. "आता हे तू बघ. मी दगड बघतो."

मी यंत्र घेतले. कोणाच्या हातातून काढून घेणे आणि कोणी आपणहून हातात देणे यांत केवढे अंतर असते, हे मला कुठल्याही पुस्तकाने शिकवले नव्हते. बाण पाहत मी पुढे निघालो. चार मीटर उरले तेव्हा थांबलो. नाना काठीने गवत बाजूला सारत बांधाच्या कडेने गेले, दगडापाशी उभे राहिले, आणि काठीची टोकणी त्यांनी मागच्या फटीत घातली. डबा वाजला.

वहीत लिहिताना त्यांनी मला तारीख विचारली. मी सांगितली. बाकीचे वाक्य त्यांनी स्वतः लिहिले. अक्षर वाकडे होते, ओळ खाली उतरली होती. पण शब्द तेच होते, आणि त्याखाली सही.

घरी आलो तेव्हा फाटक उघडेच होते. कुलूप आता मोटारीच्या खोलीला लावलेले असते.